जलरंग आणि शाई : लघुआकारातील रात्रिदृश्यांचे तंत्र

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगत असलेल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी, अंधार पडल्यावर, जो चित्रकार फळीवर कागद ताणून बसतो त्याच्यापुढील पहिली अडचण रंगाची नसून क्रमाची असते. तैलरंगात काम करणारा आधी काळोख रंगवून त्यावर शेवटी दिवे ठेवू शकतो. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. जलरंगातील उजेड म्हणजे रंगाखालच्या कागदाचा पांढरेपणा होय, आणि एकदा गडद झालेला कागद पूर्ववत पांढरा होत नाही. तेव्हा या माध्यमात दिवा रंगवावयाचा नसतो, तो राखावयाचा असतो. मंदिरावरील रोषणाई, काठावरचे दिवे आणि त्यांची पाण्यातील प्रतिबिंबे यांच्या जागा पहिला कुंचला भिजविण्यापूर्वीच निश्चित व्हाव्या लागतात. सोलापुरी चादर विणणाऱ्यास हे निराळे सांगावे लागणार नाही. दुहेरी विणीच्या त्या चादरीत फिकट नक्षी वरून चढविलेली नसते. फिकट सूत त्या ठिकाणी वर आणलेले असते, आणि उलट बाजूस नेमक्या त्याच ठिकाणी गडद रंग दिसतो.

आता उजेड आणि काळोख यांच्या प्रमाणाचा विचार करावा. उत्तम पांढरा कागद त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊ-दशांश भाग परत पाठवितो. काजळीची दाट शाई वाळल्यावरही शेकडा चार-पाच भाग परत पाठवितेच. म्हणजे चित्रकाराच्या हाती असलेली मर्यादा फार तर वीसास एक एवढी आहे. प्रत्यक्ष दृश्यात मात्र उघडा दिवा आणि त्याच्या शेजारचे काळे पाणी यांतील अंतर हजारोंच्या पटीत असते. हे अंतर कागदावर उतरविणे कोणासही शक्य नाही. चित्रातला दिवा स्वतःच्या तेजाने उजळत नसून शेजाऱ्यांच्या काळोखाने उजळतो. दिव्याभोवती क्रमाक्रमाने गडद होत जाणारी वलये आणि त्यांच्याही पलीकडे एकाच ठिकाणी सोडलेला पूर्ण काळा रंग, इतक्याने काम होते. सर्वत्र पूर्ण काळा वापरला तर तो कोठेच काळा वाटत नाही.

नवशिक्यांच्या हातून होणारी चूक याच ठिकाणची आहे. रात्र म्हणजे काळी, या समजुतीने आकाश एकट्या काळ्या शाईने भरले जाते, आणि कागदाला भोक पडल्यासारखा एक निर्जीव डाग उरतो. काजळी सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच शोषून घेते, त्यामुळे तिच्या काळेपणात रंग नसतो. रात्रीच्या आकाशाला मात्र रंग असतो. तो साधावयाचा तर नीळ किंवा प्रशियन निळा यांत बर्न्ट सिएना मिसळून दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. डिंकात बांधलेला जलरंग पाण्याने पुन्हा सुटतो. घाईने दिलेला दुसरा हात पहिल्यास उकरतो आणि आकाश गढूळ होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ओल्या कागदाच्या तंतूंमधील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, त्यामुळे प्रकाशाचे विखुरणे कमी होऊन रंग गडद दिसतो. वाळताच तो फिकटतो. ओला असताना जो काळोख थोडा अधिकच झाला असे वाटते, तोच वाळल्यावर बहुधा योग्य ठरतो.

सोलापूरच्या कोरड्या हवेत हे वाळणे फार लवकर होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठ्या कागदावर आकाशाचा हात डावीकडून उजवीकडे पोहोचण्यापूर्वीच त्याची सुरुवातीची कडा वाळून कठीण होते आणि तिचा डाग कायम राहतो. बंगालच्या किंवा कोकणच्या दमट हवेत काम करणाऱ्यास ही चिंता कमी. चित्राचा आकार लहान ठेवण्याचे खरे तांत्रिक कारण हे होय. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर संपूर्ण आकाश एका दमात, कोठेही कडा न वाळता, भरता येते. कागद मागील बाजूने भिजविणे आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकणे हे उपायही उपयुक्त आहेत. मात्र ग्लिसरीन अधिक झाल्यास थर चिकट राहतो.

शाईचा प्रश्न यानंतर येतो. जुन्या पोथ्यांची शाई दिव्याची काजळी आणि डिंक यांपासून करीत. रात्रीचा काळोख ज्या द्रव्याने रंगवावयाचा ते द्रव्य दिव्यापासूनच मिळावे, हा योगायोग मोठा मजेदार आहे. चिनी व जपानी शाईची वडीही काजळीचीच, तिच्यात बांधणीस सरस असतो. बाजारात ‘इंडिया इंक’ या नावाने मिळणाऱ्या शाईत पुष्कळदा लाखेचा अंश असतो, आणि अशी शाई वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. क्रम ठरविताना हा भेद निर्णायक आहे. लाखेच्या शाईने तटाची आणि शिखराची रेषा आधी काढून वरून रंग देता येतो. डिंकाच्या शाईने तसे केल्यास रेषा पसरते, म्हणून ती अखेरीस योजावी. रात्रिदृश्यात अखेरीस शाई योजणे हेच एकंदरीत अधिक श्रेयस्कर, कारण किती काळा रंग खरोखर लागणार आहे हे बाकी थर वाळल्यावाचून कळत नाही. पुष्कळदा तटाची पायथ्याची सावली आणि दोन-चार झाडांचे बुंधे एवढ्यातच तिचे काम संपते.

पाण्यातील प्रतिबिंबांविषयी एकच सांगावयाचे. किंचित हललेल्या पाण्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने उभे लांबते, पण ते मूळ दिव्याहून अधिक तेजस्वी कधीच नसते. म्हणून दिव्याचा ठिपका कोरा कागद, आणि प्रतिबिंबाच्या पट्ट्यावर पिवळ्याचा एक पातळ हात.

महाराष्ट्रात जलरंगातील दीपप्रकाशाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात असलेले हे चित्र पुष्कळ लोक राजा रविवर्म्याचे समजतात, आणि ते तैलरंगातील असावे असेही अनेकांस वाटते. वस्तुतः ते जलरंगातील आहे. ते निसर्गदृश्य नव्हे, आकारानेही लघु नव्हे. तरी त्यातील युक्ती अभ्यसनीय आहे. स्त्रीने ज्योतीपुढे तळहाताचा आडोसा धरला आहे. त्यामुळे सर्वांत तीव्र उजेड झाकला जातो, आणि कागदाच्या शक्तीबाहेरची स्पर्धाच टळते. उरतो तो बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि चेहऱ्यावरील आभा, आणि या दोन्ही छटा कागदाच्या आवाक्यातील आहेत. तलावाच्या दृश्यातही एखादा दिवा झाडाआड किंवा बुरुजाआड ठेवल्यास हाच लाभ होतो.

शाईच्या बाजूने पाहावयाचे तर गगनेंद्रनाथ ठाकूर (१८६७–१९३८) यांची कुंचला व शाईची चित्रे जवळची ठरतील. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ साली कलकत्त्यास आले होते, आणि शाईच्या विरलतेची जाण ठाकूर घराण्यात त्यांच्या सहवासाने वाढली.

रात्री स्वतः डोळा कसा पाहतो, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. भर उजेडात डोळ्याची संवेदना सुमारे ५५५ नॅनोमीटर लहरींच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशास सर्वाधिक असते. अंधारात दृष्टिपटलातील दंडपेशी काम करू लागल्या की ती सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर बाजूस सरकते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तांबड्या वस्तू त्यामुळे काळ्या पडतात, निळसर वस्तू उजळ भासतात. डोळा अंधारास पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि कागदावर दिवा धरताच हा सराव क्षणात मोडतो. शिवाय पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग आणि कोरा कागद यांतील भेद ओळखू येत नाही. रात्री सौम्य वाटलेला पिवळा सकाळी भडक निघतो. यास्तव रात्री केवळ पेन्सिलीचे रेखन आणि छटांची लेखी टिपणे करावीत, व रंगकाम दुसऱ्या दिवशी उजेडात करावे. जागेवरच चित्र पुरे करण्याचा आग्रह दिवसाच्या निसर्गचित्रणास शोभतो, येथे तो अनाठायी आहे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामास तर टिपणांचाही आधार पुरत नाही, स्मरणावरच विसंबावे लागते. लंडनमधील क्रेमॉर्न बागेच्या आतषबाजीवर व्हिस्लरने १८७५ च्या सुमारास जे तैलचित्र केले, त्यावरील रस्किनच्या टीकेतून १८७८ साली अब्रूनुकसानीचा खटला उभा राहिला. व्हिस्लर जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग. वस्तू जवळजवळ दिसतच नाहीत अशा चित्रास पूर्ण चित्र म्हणावे काय, हा त्या वादाचा गाभा होता, आणि रात्रिदृश्याचे मूल्यमापन करणाऱ्या परीक्षकापुढे तो आजही उभा राहतो.

त्या प्रश्नास अलीकडे एक ऐतिहासिक बाजू लाभली आहे. तेलाच्या ज्योतीचा तांबूस पिवळा, तारेच्या विजेच्या दिव्याचा पिवळसर, सोडियम बाष्पदिव्याचा नारिंगी आणि एलईडीचा थंड पांढरा, असे रात्रीचे रंग एकाच शहरात पिढीगणिक पालटत गेले. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमानंतर तर देशातील अनेक शहरांतील नारिंगी रात्र थोड्याच वर्षांत लोपली. सोडियमच्या उजेडात झाडांची पाने तपकिरी दिसत, एलईडीखाली ती हिरवी दिसतात. तेव्हा दिवा पिवळा आणि काळोख निळा या ठराविक सूत्राने केलेले चित्र आज त्या रात्रीविषयी खोटी साक्ष देते. छायाचित्रावरही येथे सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण कॅमेरा दिव्याचा रंग पुष्कळदा आपोआप ‘सुधारून’ घेतो. पाहून केलेल्या लहान जलरंग-चित्रास म्हणूनच कागदपत्राची योग्यता येऊ शकते. मात्र त्यासाठी चित्राच्या पाठीवर स्थळ, दिनांक, तिथी, घटका, चंद्र होता की नव्हता आणि दिवे कोणत्या जातीचे होते, एवढी नोंद पाण्याने न सुटणाऱ्या शाईने केलेली असावी.