पिलाचा तुटलेला दात : दुर्लक्ष नको, उपचार हवा

अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात, निर्मळच्या वाड्यांत अथवा नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत कुत्र्याची पिले लहान मुलांच्या सोबतीनेच वाढतात. दगड, हाड वा लोखंडी वस्तू चावताना पिलाचा दात तुटणे ही त्यामुळे नित्याची गोष्ट होय. ‘दुधाचाच दात, पडणारच होता,’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. हा समज मात्र घातक आहे.

पिलास दुधाचे २८ दात असतात. ते वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उगवतात. साधारणपणे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी कायमचे ४२ दात येतात. दात आपोआप पडतो तेव्हा त्याचे मूळ आधीच झिजलेले असते, त्यामुळे थोडे रक्त आले तरी चिंतेचे कारण नसते. तुटलेल्या दाताचे तसे नाही. त्याची कड धारदार दिसते व मधोमध लाल किंवा काळा ठिपका आढळतो. हा ठिपका म्हणजे दाताचा उघडा पडलेला गाभा. या वाटेने जंतू मुळापर्यंत पोचतात आणि हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातास इजा पोचण्याचा संभव असतो. म्हणून गाभा उघडा पडलेला दुधाचा दात पशुवैद्यकाकडून काढून घेणे हाच सामान्यतः योग्य उपाय ठरतो.

दुधाच्या सुळ्याचे मूळ लांब व नाजूक असते. घरी पक्कडीने तो ओढल्यास मूळ आतच मोडते. पशुवैद्यक पिलास भूल देऊन व आवश्यक तेथे क्ष-किरण तपासणी करून दात काढतात. तोवर पिलास मऊ अन्न द्यावे व कठीण वस्तू दूर ठेवाव्यात. माणसांची वेदनाशामक औषधे मात्र कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे कुत्र्यास विषारी ठरू शकतात.

उपचाराची सोय दूर नाही. स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथम तपासणी करून घ्यावी. अधिक उपचारांची गरज भासल्यास पश्चिम रेल्वेने मुंबई गाठता येते. परळ येथे १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय या जुन्या संस्था आहेत.

शिक्षकांनी एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवावी : दुखणाऱ्या पिलाच्या तोंडात हात घालू नये. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो आणि रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास, अथवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता शासकीय रुग्णालयात लसीबाबत सल्ला घ्यावा. पिलास तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी गावात लसीकरण शिबिर भरविल्यास त्याच वेळी पिलांचे दातही तपासून घेता येतील. एका दाताच्या निमित्ताने पिलाचे आरोग्य आणि मुलांची सुरक्षितता ही दोन्ही कामे साधतील.