तुकड्यांतून अख्खा पडदा : डोळ्याचे फोटो संगणक कसे जोडतो?



घरात आजोबांना शुगर असेल तर डॉक्टर सांगतात, "वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या." हा पडदा म्हणजे दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना. वाटीला आतून अस्तर लावावं तसा तो डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. मधुमेहात त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, आणि सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही. म्हणून त्याचे फोटो काढतात.

पण बाहुली म्हणजे कुलपाचं भोक. त्यातून अख्खी खोली कशी दिसणार? नेहमीच्या कॅमेऱ्यात एका वेळी साधारण 45 ते 50 अंशांचाच भाग येतो. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथल्याच नेत्र दवाखान्यातले 516 फोटो 2018 मध्ये अभ्यासकांसाठी खुले केले. तेही 50 अंशांचे, पडद्याच्या मधल्या भागाचे. कडेला काय चाललंय ते अशा एका फोटोत येत नाही. एका झटक्यात 200 अंश टिपणारे कॅमेरे आहेत, पण ते फार महाग! मग पेशंटला "वर बघा, उजवीकडे बघा" म्हणत बरेच फोटो घ्यायचे आणि जोडायचे.

जोडायचे कसे? समजा, नागपूरच्या नकाशाचे दोन तुकडे तुमच्या हातात दिले. एकात झिरो माईल ते झाशी राणी चौक, दुसऱ्यात व्हरायटी चौक ते शंकरनगर. तुम्ही काय कराल? दोन्हींत असलेले चौक एकमेकांवर ठेवाल. संगणक तेच करतो. रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो, तो त्याचा चौक! लाल वाहिन्या फोटोतल्या हिरव्या रंगाच्या थरात सगळ्यात उठून दिसतात, म्हणून तो बहुधा तोच थर वापरतो. शेजारच्या दोन फोटोंत काही भाग सामाईक हवाच, नाहीतर जुळवायला काही उरत नाही.

आता खरी गोम. एका चौकासारखा दुसरा चौक असतोच, त्यामुळे चुकीच्या जोड्याही जुळतात. संगणक दोन-चार जोड्या उचलतो, त्यांवरून फोटो बसवून पाहतो आणि बाकीच्या किती जोड्या "हो, बरोबर" म्हणतात ते मोजतो. असं शेकडो वेळा. ज्या मांडणीला जास्त हात वर, ती पक्की. आणि पडदा वाटीसारखा गोल असल्यामुळे फोटो नुसता सरकवून भागत नाही. तो फिरवावा लागतो, थोडा वाकवावाही लागतो. शेवटी उजळ-काळसर कडा एकमेकींत मिसळतात.

घरी करून बघा : पिंपळाच्या पानाचे मोबाईलवर चार फोटो काढा, प्रत्येकात शेजारच्याचा थोडा भाग येऊ द्या. प्रिंट काढून, शिरांचे फाटे जुळवून चिकटवा. जोडावर एखादी शीर दुहेरी दिसते का? संगणकाच्या जोडकामातही असं होतं. म्हणून शंका आली की डॉक्टर मूळ फोटो उघडतात. आणि जोडलेल्या चित्राभोवती जो काळा भाग उरतो, तो निरोगी आहे असं नाही. तिथला फोटो काढलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ.