भिंत मळवावी, पण पुसता येईल अशी

मंडळी, भिंत जुनी दाखवायची तर खरी भिंत कुठे मळते ते आधी बघा. पागोळ्यांचा चिखल गुडघ्याएवढा उडतो, हाताचा मळ दाराच्या चौकटीशी साचतो, काजळी दिवळीच्या वर चढते. सगळीकडे सारखाच रंग फासला की खोटेपणा लगेच कळतो.

सांगलीच्या नाट्यगृहात काम त्यामानानं सोपं. तिथली भिंत म्हणजे कापड ठोकलेला फ्लॅट. तो पुन्हा रंगवता येतो. डाग मात्र शेवटच्या रांगेला दिसेल एवढा ठळक हवा.

सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीत गोष्ट वेगळी. ‘स्वदेस’चं (२००४) काही चित्रीकरण या गावात झालं, आणि नाना फडणवीसांचा वाडाही इथेच आहे. अशा वाड्यांचा चुन्याचा गिलावा पाणी पितो, पाण्याबरोबर रंगही. म्हणून मातीचा रंग नुसत्या पाण्यात पातळ कालवायचा. डिंक, फेव्हिकॉल नाही. काजळी तर नकोच, ती छिद्रांत बसली की निघत नाही. आधी आडोशाला वीतभर लावा, वाळू द्या, ओल्या स्पंजानं टिपून बघा. डाग उरला तर भिंतीला हात लावू नका. पुढे प्लायचा फ्लॅट उभा करून तो मळवा. शूटिंग चार दिवसांत संपतं, गिलाव्यावरचा डाग गावाकडेच राहतो.