रोशा गवताचे तेल : सुगंधामागील रसायन

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरता सरता एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पाते चुरगळले की गुलाबाची आठवण करून देणारा गंध दरवळतो. हेच रोशा गवत. वनस्पतिशास्त्रात त्यास ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील रोशेल तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रावरील बंदरांत आणि तेथून तुर्कस्तानात जाई. तेथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे.

ही भेसळ खपून जाण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. गुलाबाच्या अत्तरातील ‘जिरॅनिऑल’ हे सुगंधी अल्कोहोल रोशेल तेलाचाही मुख्य घटक असून त्याचे प्रमाण साधारणतः 70 ते 85 टक्के असते. याशिवाय जिरॅनाइल अ‍ॅसिटेट, लिनालूल आदी घटक अल्प प्रमाणात आढळतात. रोशा गवताचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे असले तरी सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी असते व त्याचा वास उग्र असतो. त्यामुळे मोतियाला अधिक भाव मिळतो.

तेल मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते. म्हणून गवत फुलावर आल्यावर कापून भट्टीत भरतात व त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर बाहेर पडलेले तेल थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते. ते पाण्याहून हलके असल्याने सहज वेगळे काढता येते.

सांधेदुखीवर रोशेल तेल चोळण्याचा प्रघात जुना आहे. जिरॅनिऑल अनेक जिवाणू व बुरशींची वाढ रोखते, तसेच डासांना दूर ठेवते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र काचेच्या बशीत जंतू मरणे आणि माणसाचा आजार बरा होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सर्व रोगांवर एकच तेल’ या विक्रेत्यांच्या दाव्याला शास्त्राचा आधार नाही. अशा दाव्यांवर विसंबून औषधोपचार थांबविणे धोक्याचे ठरते.

‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ हा समजही चुकीचा आहे. जिरॅनिऑलमुळे काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते. म्हणूनच युरोपीय संघाने 2003 मध्ये ज्या 26 सुगंधी घटकांचा सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर उल्लेख बंधनकारक केला, त्यांत जिरॅनिऑलचाही समावेश आहे. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेस अधिक त्रासदायक ठरते. त्यामुळे कुपी घट्ट बंद करून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी.

हे तेल निव्वळ स्वरूपात त्वचेवर लावू नये. खोबरेल वा तिळाच्या 100 मिलिलिटर तेलात ते एक ते दोन मिलिलिटर मिसळणे पुरेसे आहे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून पाहावे. खाज किंवा लाली आल्यास वापर थांबवावा. गर्भवती स्त्रियांनी व लहान मुलांसाठी वैद्यकीय सल्ल्याविना ते वापरू नये. मुलाने चुकून असे तेल प्यायल्यास त्याला उलटी करायला लावू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि तेलाची बाटली सोबत ठेवावी.

खरेदी करतानाही सावधगिरी हवी. शुद्ध रोशेल तेल 70 टक्के तीव्रतेच्या अल्कोहोलच्या दोन-तीन पट आकारमानात पूर्णपणे विरघळते. रॉकेल अथवा खनिज तेलाची भेसळ असल्यास द्रावण गढूळ होते. एके काळी इतरांच्या अत्तरात भेसळ म्हणून वापरल्या गेलेल्या या तेलाला आज स्वतःच्या शुद्धतेची कसोटी द्यावी लागते.