मूल होत नाही? तपासणी दोघांचीही हवी

मैत्रिणींनो, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की पहिलं बोट सुनेकडे जातं. दवाखाने तिचे, उपास-तापास तिचे, टोमणेही तिलाच. पण मूल राहायला बाईचं बीज आणि पुरुषाचा शुक्राणू, दोन्ही लागतात. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. म्हणून शुक्राणू कसे तयार होतात, हे आपणही समजून घेऊ. यात लाजण्यासारखं काही नाही.

पुरुषाचे दोन वृषण पोटाबाहेर पिशवीत असतात. कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ३ अंश कमी उष्णता लागते. वृषणात बारीक, वेटोळ्या नळ्या असतात. मुलगा वयात आला, की मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरकं सुटतात आणि या नळ्यांत शुक्राणू बनू लागतात. रोज कोट्यवधी! पण एकेक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. नंतर तो वृषणामागच्या लांब नळीत मुरतो आणि तिथे त्याला पोहण्याची ताकद येते. पुढे त्यात इतर ग्रंथींचा द्रव मिसळतो, त्यालाच वीर्य म्हणतात.

वीर्यात बहुतेक भाग या द्रवाचाच असतो. त्यामुळे वीर्य दाट आहे, संबंध नीट येतात, म्हणजे शुक्राणूही चांगले, असं नसतं. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

तंबाखू, बिडी, जास्त दारू, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेलं गालगुंड, यांमुळे शुक्राणू कमी होऊ शकतात. व्यसन आज सोडलं तरी फरक दिसायला तीनेक महिने जातात. तेवढा धीर धरायला हवा.

कोणतंही साधन न वापरता वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय ३५च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावं. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असते. सुई नाही, चिरफाड नाही. फक्त आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे. एका तपासणीत दोष दिसला, तर घाबरू नये. डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात.

बायांनो, आपल्यातल्याही काही जणी सासवा आहेत. सुनेला पुढच्या दवाखान्यात नेण्याआधी एकदा विचारा, “मुलाची तपासणी झाली का गं?”