थ्रॉटल सेन्सर: आधी मोजा, मग बदला

महूहून पुन्हा तुमच्या भेटीला.

माझी जुनी जिप्सी तुम्हाला माहीत आहेच. गेल्या पावसाळ्यात भेरूघाटात ट्रकच्या मागून बाहेर काढताना तिने ऐन वेळी गचका खाल्ला. समोरून बस! मागे झालो, म्हणून आज बोलतोय. गॅरेजवाल्याने पेट्रोल पंप बदलला, प्लग बदलले. गचका तसाच.

मला एक गोष्ट खटकत होती. गचका कायम एकाच जागी, ॲक्सिलरेटर साधारण पाव दाबला की. पंप कमजोर असता, तर गाडी पूर्ण दाबल्यावर जास्त रडली असती.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणजे जुन्या रेडिओचं आवाजाचं बटणच समजा. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारी पाती. हवेची झडप किती उघडली, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला यावरून कळतं. आपला पाय जिथे जास्त वेळ असतो, तिथेच पट्टी झिजते आणि रेडिओसारखी खरखर सुरू होते.

तपासायला मल्टिमीटर पुरे. मी काट्याचा वापरतो. डिजिटलमध्ये क्षणभराची घसरण निसटून जाते. इंजिन बंद, चावी ऑन. तीन तारा असतात: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, तिसरी सिग्नलची. कनेक्टर न काढता मागून तिसरीला टोक लावा. झडप बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. हळूहळू उघडताना काटा सरळ चढला पाहिजे. माझा पाव अंतरावर धपकन खाली आला. सापडला शत्रू!

कनेक्टरमध्ये हिरवा गंज नाही ना, तेही बघा. कधी कधी तेवढं साफ करूनच भागतं.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, जुन्या सेन्सरच्या जागेवर खूण करा. दोन स्क्रू असतात आणि हट्टी असतात. गंज सोडवणारं तेल मारून थांबा, नेमक्या मापाचाच पेचकस वापरा. घाई केली की डोकं गुळगुळीत, हे मी स्वानुभवाने सांगतो! नवा सेन्सर झडपेच्या दांड्यावर नीट बसवून स्प्रिंगविरुद्ध थोडा फिरवला की भोकं जुळतात. काही गाड्यांत ही भोकं लांबट असतात. तिथे बंद झडपेचा व्होल्टेज मॅन्युअलप्रमाणे जुळवून मगच स्क्रू आवळा. झडपेच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नका.

सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडा, चार-पाच वेळा. झडप दर वेळी खटकन बंद झालीच पाहिजे. अडकत असेल तर सेन्सर उलटा बसलाय. काढा, पुन्हा बसवा.