मुंबई–दिल्ली अंतर किती? आधी सांगा, मोजलंत काय

आज एका चुकीबद्दल लिहितोय. चूक माझीच आहे, पण संशोधनाच्या तयारीत असाल तर तुमच्याही वाट्याला येऊ शकते.

सांताक्रूझला कालिना कॅम्पसमध्ये वाचत बसलं की डोक्यावरून विमानांचा आवाज येत राहतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी त्यातूनच एक सोपं वाटणारं काम सुचलं. मुंबईहून सुटणाऱ्या विमानांचं अंतर एका ठिकाणाहून घेतलं, लागणारा वेळ दुसऱ्या ठिकाणाहून घेतला आणि केला भागाकार.

मुंबई–दिल्ली : सुमारे १,१३८ किमी, साधारण सव्वादोन तास. वेग ताशी ५०६ किमी.
मुंबई–गोवा (दाबोळी) : सुमारे ४२५ किमी, साधारण सव्वा तास. वेग ताशी ३४० किमी.

मी लगेच निष्कर्ष लिहून टाकला : जवळच्या मार्गांवर विमानं हळू उडतात. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "हा वेळ कुठून कुठपर्यंतचा?" मला सांगता आलं नाही. तीन आठवड्यांचं काम तिथेच संपलं.

आता नीट पाहू. ते अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं होतं, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर. विमान तंतोतंत त्या रेषेवरून जात नाही. मुंबईहून ते बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उडतं आणि मग वळतं. दिल्लीजवळही उतरण्यासाठी रांग आणि वळणं असतातच.

वेळ तर वेगळ्याच गोष्टीचा होता. वेळापत्रकातला वेळ म्हणजे 'ब्लॉक टाइम' : विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, थांबणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. शिवाय उशीर गृहीत धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात.

म्हणजे मी हवेतलं अंतर जमिनीवरच्या वेळेसकट भागत होतो!

मग भागाकाराऐवजी फरक घेऊन बघा. दिल्ली गोव्यापेक्षा ७१३ किमी लांब आणि वेळ ६० मिनिटं जास्त. म्हणजे वाढीव अंतर ताशी सुमारे ७१३ किमी वेगाने कापलं गेलं. या वेगाने गोव्याच्या ४२५ किमीला ३६ मिनिटं पुरतात. उरलेली सुमारे ३९ मिनिटं अंतर कितीही असलं तरी लागणारी : टॅक्सी, थांबणं, चढ-उतार. लहान प्रवासात हीच ३९ मिनिटं जड होतात आणि विमान 'हळू' दिसतं.

पण सावध! दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते. हा फक्त अंदाज आहे. तपासायला वीस-पंचवीस मार्ग घ्या, जाणं आणि येणं वेगवेगळं नोंदवा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे कोलकात्याला जाताना आणि परतताना वेळ सारखा लागत नाही.

तुमचा विषय विमानाचा नसेल, पण उत्पन्न, हजेरी, पाऊस, काहीही असो, तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याखाली एक ओळ लिहा : हे कुठून कुठपर्यंत मोजलंय आणि कोणी? ती ओळ लिहिता येत नसेल, तर भागाकार करू नका.